अवघड इंजिन जमलं, मग सोपी मोटर का जमेना?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही पुण्यात नऊ वर्षं गिअरबॉक्सचं डिझाइन करताय, काम बहुतेक जर्मन ग्राहकांचं. फोक्सवॅगन जर्मनीत ३५ हजार नोकऱ्या कमी करणार ही बातमी आल्यापासून ऑफिसात धास्ती आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स बनवणं अवघड, मोटर आणि बॅटरी त्या मानाने सोपी. मग ज्यांना अवघड काम पिढ्यान्‌पिढ्या जमलं त्यांना सोपं का जमेना? आणि तुम्ही आता सगळं सोडून बॅटरीचा कोर्स करावा का?

मी २३ वर्षं गाडीच्या वायरिंगमध्ये आणि इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे. सुरुवात चाकणला हार्नेसच्या, म्हणजे गाडीतल्या तारांच्या जुडग्याच्या, बोर्डावर झाली, मग आठ वर्षं जर्मनीत एका पुरवठादार कंपनीत काढली, आता परत पुण्यात आहे. फोक्सवॅगनमध्ये मी कधी नोकरी केली नाही. त्यांच्याबद्दल जे उघड आहे तेच लिहितो, आणि जिथे माझा स्वतःचा अनुभव सांगेन तिथे कंपनीचं नाव घेणार नाही.

आधी तुमच्या प्रश्नातली एक गोष्ट दुरुस्त करतो, कारण उत्तराची सुरुवात तिथूनच होते. सोपं काम त्यांना जमलं, आणि चांगलं जमलं. फोक्सवॅगनच्या आयडी.३ या इलेक्ट्रिक गाडीत पहिल्यांदा जी मोटर आली तिचं नाव एपीपी ३१०. यातला ३१० हा आकडा न्यूटन-मीटरमधल्या टॉर्कचा, आणि ती मिनिटाला १६ हजार फेऱ्यांपर्यंत फिरते. ती कासेलजवळच्या कारखान्यात बनते, आणि हा कारखाना म्हणजे फोक्सवॅगनचं गिअरबॉक्सचं माहेरघर. तुमच्याच बिरादरीच्या लोकांनी ती बनवायला घेतली आणि लाखोंनी बनवली. आयडी.३ बद्दलच्या तक्रारी वाचायला बसलात तर दिवस पुरणार नाही, पण त्यात मोटरबद्दलच्या फार थोड्या सापडतील.

मग अडलं कुठे? नोव्हेंबर २०१९ मध्ये झ्विकाऊच्या कारखान्यात आयडी.३ चं उत्पादन सुरू झालं, तेव्हा चान्सलर मर्केल हजर होत्या. ग्राहकांच्या हातात गाडी पडायला सप्टेंबर २०२० उजाडला. मधल्या काळात गाड्या बनून तयार होत्या, पण सॉफ्टवेअर पुरं नव्हतं म्हणून आवारांत रांगेने उभ्या होत्या. ज्यांनी सुरुवातीलाच घेतली त्यांना काही सोयी नंतर मिळतील असं सांगून गाडी दिली गेली. पुढे सॉफ्टवेअरची ३.० आवृत्ती आली तेव्हा बऱ्याच गाड्यांना त्यासाठी वर्कशॉपमध्ये जावं लागलं, आणि पुष्कळ गाड्यांची १२ व्होल्टची बॅटरी त्यावेळी बदलावी लागली. सॉफ्टवेअरच्या अपडेटसाठी बॅटरी बदलायची! वायरिंगवाल्या माणसाला हे वाचून लगेच कळतं की घरात काय चाललंय.

ते कसं कळतं, हे एका प्रसंगावरून सांगतो. जर्मनीतल्या माझ्या दुसऱ्या हिवाळ्यात आमच्या ग्राहकाची एक पेट्रोल गाडी चाचणीवरून परत आली. तक्रार एवढीच, की दोन दिवस उभी ठेवली की तिसऱ्या दिवशी स्टार्ट होत नाही. गाडी बंद करून लॉक केली की थोड्या वेळात सगळे ईसीयू, म्हणजे गाडीतले छोटे कॉम्प्युटर, झोपले पाहिजेत आणि करंट २०-२५ मिलिअँपिअरवर आला पाहिजे. ज्या तारांवरून ते एकमेकांशी बोलतात तिला बस म्हणतात, म्हणून आमच्या भाषेत याला ‘बस झोपली’ म्हणतात. ही बस झोपत नव्हती. मी थंडगार गॅरेजमध्ये रात्रभर करंट मोजायचा क्लॅम्प लावून बसलो. करंट खाली यायचा, चाळीस मिनिटं शांत असायचा, मग एकदम काही अँपिअरवर उडी मारायचा, आणि पुन्हा पाच-सहा मिनिटांनी खाली. पहाटे लॉगमध्ये उठवणारा सापडला. डिकीचं मॉड्यूल होतं ते. लॅच नीट बसलंय का हे ते दर चाळीस मिनिटांनी स्वतःच तपासायचं आणि त्यासाठी अख्ख्या गाडीला जागं करायचं.

दुरुस्ती काय होती? एका टायमरची किंमत बदलायची. ती व्हायला किती वेळ लागला? चौदा आठवडे. डिकीचं मॉड्यूल दुसऱ्याच सप्लायरचं, त्यातलं सॉफ्टवेअर त्याच्या मालकीचं. तो म्हणाला, तुमच्या लास्टेनहेफ्टमध्ये हे लिहिलेलं नाही. लास्टेनहेफ्ट म्हणजे गाडी कंपनी सप्लायरला देते ती मागण्यांची जाडजूड वही. मग चेंज रिक्वेस्ट निघाली, त्याने कोट दिलं, पर्चेसने घासाघीस केली, नवीन आवृत्ती टेस्ट झाली आणि पुढच्या रिलीजच्या तारखेची वाट पाहिली गेली. यात कुणीही कामचुकार नव्हतं, प्रत्येकाने आपलं काम नियमाप्रमाणेच केलं.

पारंपरिक गाडी अशीच बनते. सत्तर ते शंभर ईसीयू, ते पुरवणारे डझनावारी सप्लायर, प्रत्येक डब्यात त्याचं त्याचं सॉफ्टवेअर. गाडी कंपनीचं कसब दोन गोष्टींत: इंजिन स्वतः बनवायचं, आणि बाकी सगळं नेमकं मागून, घासाघीस करून, वेळेवर एकत्र आणायचं. फोर्डचे प्रमुख जिम फार्ले यांनी २०२३ मध्ये हे उघडपणे मांडलं. त्यांच्या गाडीत दीडशेच्या आसपास मॉड्यूल, सॉफ्टवेअर वेगवेगळ्या कंपन्यांचं, आणि सीटच्या नियंत्रणात काही बदलायचं तर ते बनवणाऱ्या कंपनीची परवानगी घ्यावी लागते. त्यांच्याच मस्टँग माक-ई गाडीचं हार्नेस टेस्लाच्या तशाच गाडीपेक्षा १.६ किलोमीटर लांब आणि सुमारे ३२ किलो जड निघालं, हेही त्यांनीच सांगितलं. हार्नेसच्या बोर्डावर उभं राहून टेप गुंडाळणाऱ्या बायकांचे हात मी पाहिलेत. गाडीत एक डबा वाढला की त्यांच्या बोर्डावर एक फांदी वाढते. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला आणि पश्चिम युक्रेनमधून येणारी हार्नेस थांबली, तेव्हा झ्विकाऊचा पूर्ण इलेक्ट्रिक कारखाना काही दिवस बंद ठेवावा लागला. बॅटरी होती, मोटर होती, तारा नव्हत्या.

आता यातला मुख्य मुद्दा. रोज चालणाऱ्या पेट्रोल गाडीत हे सगळं खपून जातं. ती चालू असते किंवा बंद असते. रात्री डिकीने बस चार वेळा उठवली तरी सकाळी तुम्ही इंजिन चालू करता आणि इंजिनावर चालणारा अल्टरनेटर बॅटरीची झीज भरून काढतो. इलेक्ट्रिक गाडीची कामं मात्र ती उभी असतानाच चालतात. ती चार्ज होते, पहाटे केबिन गरम करते, बॅटरीचं तापमान सांभाळते, मोबाइलवरच्या अॅपला उत्तर देते, अपडेट उतरवून घेते. म्हणजे मालक झोपलेला असताना चार्जरचा ईसीयू, बॅटरीचा, हवामानाचा आणि टेलिफोनीचा असे सगळे एकमेकांशी बोलत असतात. वेगवेगळ्या घरांतून आलेले हे डबे एकमेकांना नीट झोपू देत नसतील तर खाली भलीमोठी बॅटरी भरलेली असूनही वरची छोटी १२ व्होल्टची मरते आणि गाडीचं दारसुद्धा उघडत नाही. इतकी वर्षं जी कमजोरी इंजिनाच्या आवाजाखाली दबून होती ती उघडी पडली. तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच आहे. मोटर सोपी होती, पण मोटर आल्यावर गाडीतला अवघड भाग इंजिनातून उठून अशा ठिकाणी गेला जिथे या कंपन्यांचा स्वतःचा हात कधीच फिरला नव्हता.

हे वोल्फ्सबुर्गमध्ये, म्हणजे फोक्सवॅगनच्या मुख्यालयात, कुणाला दिसलं नाही असं समजू नका. हर्बर्ट डीस २०१८ मध्ये प्रमुख झाले, त्यांना हे स्वच्छ दिसत होतं. २०१५ च्या डिझेल प्रकरणात, म्हणजे प्रदूषण चाचणीतली फसवणूक उघड झाली त्यात, कंपनीचे ३० अब्ज युरोंहून अधिक गेले होते, इलेक्ट्रिककडे वळण्याची घाई त्यातूनच आली. सॉफ्टवेअर घरात आणायचं म्हणून २०२० मध्ये वेगळी संस्था उभी राहिली, तीच पुढे कॅरियाड. विचार बरोबर होता. पण या संस्थेला एकाच वेळी तीन आर्किटेक्चर, म्हणजे गाडीच्या सॉफ्टवेअर-इलेक्ट्रॉनिक्सचे आराखडे, सांभाळायला दिली गेली: फोक्सवॅगनच्या चालू गाड्यांसाठी १.१, आउडी आणि पोर्शेसाठी १.२, आणि सगळ्यांच्या भविष्यासाठी २.०. माणसं वेगवेगळ्या ब्रँडमधून आली, सोबत आपापली पद्धत घेऊन आली. गाडीचा आराखडा, तारखा आणि पैसा यांवरचा शब्द मात्र ब्रँडकडेच राहिला. मी अशा रचनेत काम केलंय. तिथे सॉफ्टवेअरवाल्यांच्या गळ्यात जबाबदारी असते आणि गाडीची तारीख कधी गोठवायची हे साचे बनवणारे ठरवतात.

या कंपनीत पार्ट नंबरची सवय किती खोल आहे याचं एक उदाहरण सांगण्यासारखं आहे. वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात करीवुर्स्ट बनतं, म्हणजे मसाला घातलेलं सॉसेज, आणि त्यालाही रीतसर पार्ट नंबर आहे: १९९ ३९८ ५०० ए. मला या शिस्तीबद्दल खरोखर आदर आहे. याच शिस्तीने लाखो गाड्यांची दारं सारख्याच आवाजात बंद होतात. पण पार्ट एकदा गोठला की गोठला, आणि सॉफ्टवेअर गाडी विकल्यानंतरही बदलत राहिलं पाहिजे. हे दोन स्वभाव एका वेळापत्रकात बसवणं फार कठीण आहे.

परिणाम सगळ्यांनी पाहिला. पोर्शेची इलेक्ट्रिक माकान आणि आउडी क्यू६ ई-ट्रॉन सॉफ्टवेअरपायी रखडल्या आणि २०२४ मध्ये आल्या. कॅरियाडचा वर्षाचा तोटा २ अब्ज युरोंच्या वर गेला. ऑगस्ट २०२२ अखेर डीस गेले, ऑलिव्हर ब्लूमे आले. २०२३ मध्ये चीनच्या शाओपेंग या इलेक्ट्रिक गाडी कंपनीत ७० कोटी डॉलर घातले, २०२४ मध्ये अमेरिकेच्या तशाच रिव्हियनशी ५.८ अब्ज डॉलरपर्यंतचा करार झाला. म्हणजे गाडीचा मेंदू कसा रचायचा हे दोन तरुण कंपन्यांकडून विकत घ्यावं लागलं. काहींना यात नामुष्की वाटली. मला हा त्या सगळ्या वर्षांतला सर्वांत शहाणपणाचा निर्णय वाटतो, कारण आपल्याला हे येत नाही असं मान्य करायला एवढ्या मोठ्या घराला फार धैर्य लागतं.

पैशाची बाजू मी थोडक्यात सांगतो, ती तुम्ही इतरत्र वाचली असेल. पेट्रोल गाड्यांच्या नफ्यावर इलेक्ट्रिकचा खर्च भागवायचा असं गणित होतं, आणि त्या नफ्यात चीनचा वाटा मोठा. २०१९ मध्ये समूहाने चीनमध्ये ४२ लाखांच्या आसपास गाड्या दिल्या होत्या, २०२४ मध्ये २९ लाखांच्या आसपास. जिथून पैसा यायचा तिथेच स्थानिक इलेक्ट्रिक गाड्यांनी गिऱ्हाईक नेलं. त्यात डिसेंबर २०२३ मध्ये जर्मन सरकारने इलेक्ट्रिक गाड्यांवरचं अनुदान जवळजवळ एका रात्रीत बंद केलं आणि पुढच्या वर्षी तिथली इलेक्ट्रिक विक्री चौथ्या हिश्श्याहून जास्त पडली. असा धक्का कुणालाही बसला असता.

कामगारांवर खापर फोडणारे लेख मला पटत नाहीत, म्हणून तेही सांगतो. फोक्सवॅगनच्या पर्यवेक्षक मंडळात निम्म्या जागा कामगारांच्या, आणि लोअर सॅक्सनी राज्याकडे २० टक्के मताधिकार. कारखाना बंद करणं तिथे सोपं नाही, आणि ते तसं मुद्दाम ठेवलेलं आहे. १९९४ पासूनची नोकरीची हमी कंपनीने सप्टेंबर २०२४ मध्ये मोडली, डिसेंबरमध्ये लाखभर लोक इशारा संपावर उतरले आणि २० डिसेंबरला तोडगा निघाला. २०३० पर्यंत ३५ हजारांहून अधिक जागा कमी होतील, पण सक्तीने काढून नव्हे. निवृत्ती आणि स्वेच्छेने जाणारे यांतून. या रचनेमुळे निर्णय हळू होतात हे खरं. पण टायमर बदलायला चौदा आठवडे लागतात ते युनियनमुळे नाही.

आता कशावर काय अवलंबून आहे ते. ‘जुनी कंपनी म्हणून जमलं नाही’ हे सरसकट खरं नाही. बीएमडब्ल्यू तितकीच जुनी. तिने म्युनिकमध्ये एकाच लाइनवर ३ सीरिज आणि इलेक्ट्रिक आय४ बनवली, वेगळा डाव मांडला नाही, आणि २०२४ मध्ये सव्वाचार लाखांहून अधिक इलेक्ट्रिक गाड्या विकल्या. तिच्या दर सहा गाड्यांतली एक इलेक्ट्रिक होती, फोक्सवॅगन समूहाची दर बारांतली एक. ह्युंदाई-कियानेही चांगलं काम केलं. पण बीएमडब्ल्यूचा ग्राहक महाग गाडी घेतो, एका मॉडेलमागे नफा जास्त असतो, चुका पचतात. फोक्सवॅगनची गोल्फ घेणाऱ्या कुटुंबासाठी गाडी बनवताना तेवढी मुभा नसते. बाजारावरही खूप अवलंबून आहे. नॉर्वेत २०२४ मध्ये दर दहा नव्या गाड्यांपैकी जवळजवळ नऊ इलेक्ट्रिक होत्या, जर्मनीत दोनही नाहीत. आणि फोक्सवॅगन बुडाली असंही नाही. २०२५ मध्ये युरोपात सर्वांत जास्त इलेक्ट्रिक गाड्या याच समूहाने विकल्या. गाड्या आता चांगल्या आहेत, काढून टाकलेली बटणंही परत येताहेत. प्रश्न कमाईचा आहे, आणि वाया गेलेल्या चार-पाच वर्षांचा.

तर इथपर्यंत एवढं धरून ठेवा: मोटर आणि यंत्रभाग जमले, सॉफ्टवेअरवर स्वतःचा ताबा नव्हता, आणि तो मिळवायच्या काळात चीनमधला पैसा आटला. तुमच्या नोकरीचा प्रश्न यातल्या पहिल्या भागाशी जोडलेला आहे.

ते ३५ हजार जर्मनीतले आहेत, तुमच्या टेबलावर ते थेट येणार नाहीत. चाकणचा फोक्सवॅगनचा कारखाना आजही पेट्रोल गाड्या बनवतो. तुमच्या कंपनीतलं काम कमी होईल ते दुसऱ्या वाटेने. सात गिअरच्या ड्युअल क्लच बॉक्सला जितके डिझायनर लागतात तितके इलेक्ट्रिक गाडीतल्या एकाच गतीच्या रिड्यूसरला, म्हणजे मोटरचा वेग कमी करणाऱ्या साध्या गिअरबॉक्सला, लागत नाहीत. हे मी गोड करून सांगणार नाही. जागा कमी होतील.

पण जे उरतं ते जास्त कठीण आहे. १६ हजार फेऱ्यांवर गिअरची जोडी फिरते आणि तिचा कण्हण्यासारखा आवाज झाकायला इंजिन नसतं. पेट्रोल गाडीत जी ट्रान्समिशन एरर, म्हणजे गिअरच्या फिरण्यातली बारीक चूक, कुणाच्या कानावर गेली नसती ती इथे मागच्या सीटवर बसलेल्या मुलाला ऐकू येते. दाताच्या मायक्रोजॉमेट्रीत, म्हणजे त्याच्या अतिसूक्ष्म आकारात, दोन-तीन मायक्रॉनवर भांडणं होतात. मोटरला वीज पुरवणाऱ्या इन्व्हर्टरमुळे शाफ्टमधून करंट जातो आणि बेअरिंगच्या पट्ट्यावर बारीक रेघा उमटतात. पहिल्यांदा ते बेअरिंग कापून पाहिलं तेव्हा मला वाटलं वॉशबोर्ड कुणी कोरलाय. गिअरवाल्याला करंट कळत नाही आणि आम्हा तारांवाल्यांना गिअर कळत नाही, म्हणून अशी तक्रार महिनोन्‌महिने दोन खात्यांमध्ये फिरत राहते. दोन्ही कळणारा माणूस पुण्यात मला हवा असतो तेव्हा सापडत नाही.

म्हणून बॅटरीच्या कोर्सबद्दल माझं मत नाही असं आहे. सहा महिन्यांच्या कोर्सने तुम्ही केमिस्ट्री शिकलेल्या पंचविशीतल्या मुलांच्या रांगेत शेवटी उभे राहाल, आणि नऊ वर्षं दाराबाहेर ठेवून याल. त्याऐवजी ड्राइव्ह युनिटचा आवाज आणि कंपन हा विषय घ्या. ऑर्डर अॅनालिसिस, म्हणजे फेऱ्यांच्या वेगावरून आवाजाचं मूळ शोधणं, नीट शिका. मोटर कंट्रोलच्या माणसाशी बोलता येईल एवढा इन्व्हर्टर समजून घ्या, आणि कॅनचा, म्हणजे गाडीतल्या त्या बसचा, लॉग स्वतः वाचायला शिका. ते दोन महिन्यांत येतं. याच चाकणमधून आता महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई बाहेर पडताहेत, रांजणगावला टाटांची नेक्सॉन ईव्ही बनते. काम जर्मनीहूनच यावं असं काही राहिलेलं नाही.

घरची परिस्थिती, कर्ज, बाहेरगावी जायची तयारी यांवर वेळापत्रक बदलेल, ते मला इथून सांगता येणार नाही. तुमच्या नऊ वर्षांत दातांच्या मायक्रोजॉमेट्रीचं काम किती आणि केसिंग-शिफ्ट यंत्रणेचं किती, एवढं लिहून कळवा. केसिंगचंच जास्त असेल तर वर जे लिहिलं त्यातलं आधी काय शिकायचं याचा क्रम उलटा लागेल.